‘खंबीर आई’ पुरे, रात्रपाळी कोण करणार ते सांगा

जनुकीय आजार घेऊन जन्मलेल्या मुलांची घरं कशी सावरतात, त्यावर काय अभ्यास झालाय, हे विचारणारी बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय. पत्रच तसं आहे.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, सिकलसेल एसएस. थंडी पडली की हातपाय धरून रडतो. वर्षातून तीन-चारदा भरती करावं लागतं. नवरा खाणीत कंत्राटी कामावर, म्हणून दवाखान्यात मीच. सासूबाई म्हणतात, आमच्या खानदानात हे नव्हतं, हे तुझ्या माहेराहून आलं. गावात शिबिर झालं, तेव्हा एक पाहुणे भाषणात म्हणाले की काही कुटुंबांत मुळातच ताकद असते, ती तरतात, बाकीची मोडतात, असं संशोधनात निघालंय. सगळं आईच्या खंबीरपणावर असतं. तेव्हापासून झोप नाही. मी तर रात्री रडते. मग आमचं घर मोडणाऱ्यातलं आहे का?
– एक आई, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : ताई, त्या पाहुण्यांनी संशोधन वाचलं असेल तर उलटं धरून वाचलंय.

आधी सासूबाईंचं बघू, ते सोपं आहे. सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक आजार, आणि एस म्हणजे त्याचं जनुक. मुलाच्या रिपोर्टवर दोन एस आहेत ना? एक तुमच्याकडून आला, दुसरा तुमच्या नवऱ्याकडून. त्याशिवाय एसएस होतच नाही. आणि नवऱ्याकडे तो आला त्यांच्या आईकडून नाहीतर वडलांकडून. ‘आमच्यात नव्हतं’ असं वाटतं, कारण ज्याच्यात एकच एस असतो, ज्याला आपल्याकडे एएस पॅटर्न म्हणतात, त्याला सहसा काही होत नाही. तो धान रोवतो, लग्न करतो, म्हातारा होतो आणि एस पुढे देऊन जातो. नवरा-बायको दोघं एएस असतील तर दर बाळंतपणाला एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक. आधीचं मूल एसएस झालं म्हणून पुढच्याला सूट मिळत नाही.

नवऱ्याची तपासणी झाली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत ती झालेली नसते. आईचं रक्त काढतात. बाप कामावर असतो. त्यांची एचपीएलसी, म्हणजे एस आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या आणि कागद घरी आणा. कागद आला म्हणून तोंडं बंद होतील असं नाही, पण आवाज खाली येतो.

आता पाहुण्यांचं संशोधन. रुबेन हिल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धानंतर आयोवा राज्यातल्या सैनिकांच्या घरांचा अभ्यास केला आणि १९४९ मध्ये तो छापला. घरचा पुरुष युद्धावर गेला तेव्हा घराचं काय झालं, परत आला तेव्हा काय झालं? त्याला असं दिसलं की संकट केवढं, एवढ्यावरून घराचं भवितव्य ठरत नाही. त्या घराच्या हाताशी माणसं, पैसा, शेजार किती आहे आणि घरातले लोक त्या संकटाचा अर्थ काय लावतात, हे दोन्ही त्यात धरावं लागतं. पुढची सत्तर वर्षं या विषयातले लोक कमी-अधिक हेच घोटत आलेत. तुमच्या घरी अर्थ लावला गेलाय तो ‘सुनेच्या रक्ताचा दोष’. आणि एकदा तो सुनेचा दोष ठरला की निस्तरायचंही सुनेनेच. मग दिराने, जावेने, सासूने दवाखान्यात येऊन बसायचं कारणच उरत नाही. म्हणून म्हटलं, नवऱ्याचा तो कागद आणा. तो रक्ताचा असला तरी काम घराचं करतो.

दुसरा अभ्यास हवाईतल्या काउआई बेटावरचा. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी तिथे १९५५ साली जन्मलेली ६९८ मुलं हाताशी धरली आणि चाळिशीपर्यंत त्यांचा माग ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांची आजारपणं अशा सगळ्या ओझ्याखाली वाढलेली जी होती, त्यातली साधारण एक तृतीयांश नीट मार्गाला लागली. त्यांच्याजवळ इतर गोष्टींबरोबर एक तरी भरवशाचं माणूस होतं. ते आईच असलं पाहिजे असं अजिबात नव्हतं. आजी, मावशी, शाळेतल्या बाई, शेजारचं कोणी. मिनेसोटा विद्यापीठाच्या ॲन मास्टन यांनी २००१ मध्ये असे पुष्कळ अभ्यास एकत्र पाहून लिहिलं की या सावरण्यात अलौकिक काही नाही. रोजच्या साध्या गोष्टी जागेवर असल्या की ते होतं, त्या काढून घेतल्या की होत नाही. ‘मुळातच ताकद असलेली कुटुंबं’ हे पाहुण्यांनी कुठून आणलं, देव जाणे.

रडण्याचंही सांगते. कॅलिफोर्नियात एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी ५८ आयांच्या पेशी तपासल्या. निष्कर्ष २००४ मध्ये आले. काहींची मुलं दीर्घ आजारी होती, काहींची निरोगी. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांशी एक भाग असतो, वय वाढतं तसा तो आखूड होतो. आजारी मुलांच्या आया सरसकट जास्त झिजलेल्या निघाल्या नाहीत. पण ज्यांनी जास्त वर्षं सांभाळलं होतं, ज्यांना ताण जास्त जाणवत होता, त्यांची टोकं आखूड होती. ५८ हा आकडा लहान आहे, त्यावर फार मोठं घर बांधू नये. मी त्यातून एवढंच घेते की भार खराच असतो, अंगात उतरतो, आणि तो वाटून घेता येतो. रडण्याने तुम्ही कच्च्या ठरत नाही. एकीवर चौघांचं काम पडलंय, एवढंच.

वाटून घेणं म्हणजे काय, ते मी नागपूरला सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असताना पाहिलंय. गडचिरोलीकडचं एक कुटुंब मुलीला घेऊन यायचं. त्या घरात कोणी म्हणण्यासारखं खंबीर नव्हतं. आई तर सुई दिसली की भिंतीकडे तोंड करायची. पण एक रात्र आई, दुसरी रात्र काकू, दिवसा आजोबा डबा घेऊन, हे ठरलेलं. खाटेच्या कठड्याला सुतळीने एक शाळेची वही बांधलेली. तिच्यात ताप किती वाजता किती, पाणी किती प्यायली, कुठलं इंजेक्शन दिलं, सिस्टर काय म्हणाल्या, सगळं टिपलेलं. काकूला लिहिता येत नव्हतं, ती पाण्याच्या प्रत्येक पेल्याला एक रेघ मारायची. राऊंडला डॉक्टर आले की आजोबा चष्मा चढवून वही वाचून दाखवायचे. एका निवासी डॉक्टरने त्या वहीवरून पोरीचा सांजच्या वेळचा ताप पकडला. बाजूच्या खाटेवरच्या आईला, जी आठ-आठ दिवस एकटी बसायची, तिला मात्र सगळे ‘किती खंबीर आहे बाई’ म्हणून जायचे. म्हणायला काय लागतं? डबा आणायला लागतं.

तुमच्याकडे सासूबाई आहेत, दीर असतील, माहेर असेल. ‘मदत करा’ म्हणू नका, त्याने काही होत नाही. ‘परवाची रात्र तुम्ही थांबा’ म्हणा.

एक बारीक गोष्ट, जी शिबिरात सहसा सांगत नाहीत. एसएस मुलांच्या मूत्रपिंडाला लघवी घट्ट करणं जमत नाही. ती पातळ आणि भरपूर होते, रात्री अंथरूण ओलं होतं. घरी त्यावरून मार बसतो. शाळेत ‘सारखा काय जातोस’ म्हणून बसवून ठेवतात. मग पोर हुशारीने पाणी पिणंच सोडतं. अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उठतं, की पुन्हा भरती. म्हणून डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी मुख्याध्यापकांना द्या. पाण्याची बाटली बाकावर राहू द्या, लघवीला जायची परवानगी मागायला लावू नका, थंडीतल्या सकाळच्या कवायतीतून सूट द्या, एवढं तीत असावं. स्वेटर शाळेत काढायला लावू नका, हेही घाला.

आणि वर्षात तीन-चार भरत्या होत असतील तर पुढच्या वेळी डॉक्टरांना विचाराच की हायड्रॉक्सियुरिया सुरू करायचं का, आणि सुरू असेल तर मात्रा पुरते का. दुखण्याचे झटके त्याने कमी होतात. ते रोज घ्यावं लागतं आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं. ताप आला तर घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे; जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. हे कार्ड काढायला मुलासोबत नवऱ्याने जावं, तुम्ही नाही. एक दिवसाची मजुरी जाईल, पण मुलाच्या आजाराचा एक कागद तरी त्यांच्या हातून झालेला असेल.

प्रश्न : ‘देव अशी मुलं खास आईबापांनाच देतो’ असं मी मैत्रिणीला धीर देण्यासाठी म्हणाले, तर ती चिडली. यात चिडण्यासारखं काय?
– ठाणे

उत्तर : तुम्ही तिला मखरात बसवलंत, आणि मखरातल्या बाईला कंटाळा आला, झोप आली, असं म्हणता येत नाही. तिला फोन करा आणि सांगा की शनिवारी दुपारी तीन तास मी मुलापाशी बसते, तू कुठेही जा. देवाचं नाव न घेता.

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. नात दोन वर्षांची आहे, डाउन सिंड्रोम. मुलाने मोबाइलवर बातमी दाखवली की अमेरिकेत अशा मुलांची नव्व्याण्णव टक्के कुटुंबं समाधानी आहेत. मला पटत नाही. आमच्याकडे सून गप्प, मुलगा रात्री उशिरा येतो, मंडळी देवळं पालथी घालतात. परवा शेजारची त्याच वयाची पोर अंगणात पळताना दिसली, तर सून उठून आत गेली. दोन वर्षं झाली, अजून असं का? आणि ते आकडे खरे आहेत का?
– सांगली

उत्तर : गुरुजी, आकडा खरा आहे, बातमीतलं वाक्य सैल आहे.

बोस्टनचे डॉक्टर ब्रायन स्कॉटको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ती पाहणी प्रसिद्ध केली. २,०४४ आईवडलांनी उत्तरं दिली. ९९ टक्के जे आहेत ते ‘आमचं या मुलावर प्रेम आहे’ असं म्हणणारे. प्रेम आणि समाधान यांत तुम्हीही फरक कराल. या मुलामुळे आयुष्याकडे बघण्याची दृष्टी जास्त चांगली झाली, असं म्हणणारे ७९ टक्के होते. पश्चात्ताप होतो असं ४ टक्क्यांनी सांगितलं. तेवढं धैर्य दाखवलं त्यांनी. शिवाय प्रश्नावली गेल्या त्या डाउन सिंड्रोमच्या संस्थांच्या सभासदांकडे. संस्थेत नाव नोंदवणारं घर आधीच चार माणसांत आलेलं असतं. ज्यांनी दार लावून घेतलं, त्यांच्या हाती तो कागद पडलाच नसणार. तुमची शंका रास्त आहे.

तरीही मी ती पाहणी बाजूला टाकत नाही. त्या मंडळींनी डाउन सिंड्रोम असलेल्या २८४ जणांनाच, बारा वर्षांवरच्या, विचारलं की तुम्ही आनंदात आहात का. जवळजवळ ९९ टक्के ‘हो’ म्हणाले. तीच संस्थांची यादी, तेव्हा तोच दोष इथेही आहे. पण आपल्याकडे पत्रिका, नवस, डॉक्टर, शेजारी सगळ्यांना विचारून होतं. त्या मुलाला विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही.

आता सूनबाईंचं. १९६२ मध्ये सायमन ओल्शान्स्की यांनी मतिमंद मुलांच्या पालकांबद्दल लिहिलं की त्यांचं दुःख वर्षानुवर्षं राहतं, ते स्वाभाविक आहे, त्याला मानसिक आजार समजू नका आणि ‘आता स्वीकारा’ म्हणून मागे लागू नका. पुढच्या अभ्यासकांना असंही दिसलं की ते दुःख सपाट रेषेत राहत नाही. मूल चालायच्या वयात, शाळेत घालायच्या वयात, बरोबरीच्या मुलांच्या दहावीला, लग्नाला ते नव्याने उसळतं. मधली वर्षं बरी जातात. अंगणातली पोर पळाली आणि सूनबाई आत गेल्या, ते अगदी या हिशेबातलं आहे. त्यांना समजावायला जाऊ नका. आत चहा नेऊन द्या आणि परत या. हे तुम्ही करा, सासूबाईंनी नको. सासऱ्याने चहा आणला तर तो लक्षात राहतो.

मंडळींच्या देवळांना माझी हरकत नाही. शिकागोच्या फ्रोमा वॉल्श यांनी कुटुंबं कशी सावरतात यावर बरंच काम केलंय. घराची श्रद्धा, घराची घडी आणि आपसातलं बोलणं, या तिन्हीकडे त्या बघतात. श्रद्धेला त्यांनी मानाची जागा दिली आहे. पण ‘कोणाच्या पापाने’ हे विचारायला जात असतील तर मात्र थांबवा. डाउन सिंड्रोम होतो तो एकविसाव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीमुळे. सुमारे ९५ टक्के वेळा ती प्रत स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होतानाच्या चुकीने आलेली असते. त्यात कोणाचं काही नसतं. थोड्या घरांत ती आईकडून किंवा वडलांकडून आलेली असू शकते, आणि ते नातीच्या कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीच्या, रिपोर्टवरून कळतं. पुढचं मूल हवं असेल तर तो रिपोर्ट आधी डॉक्टरांना दाखवा.

मुलगा उशिरा येतो, कारण घरात त्याला करायला नेमकं काम नाही, असा माझा अंदाज आहे. बाप लोकांना ‘लक्ष दे’ म्हटलं की ते पळतात, ‘सोमवारी थायरॉइडचा रिपोर्ट आण’ म्हटलं की आणतात. नातीच्या हृदयाची इको झाली का? या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना हृदयात दोष असतो. थायरॉइड दरवर्षी बघायचं. कान आणि डोळेही. ही सगळी फाइल मुलाकडे सोपवा.

तुम्ही नातीला घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या, विभागात जा. फिजिओथेरपी, वाचा उपचार तिथे एका छताखाली मिळणं अपेक्षित आहे. ही मुलं साधारण दुसऱ्या वर्षाच्या आगेमागे, पुष्कळदा त्यानंतर, चालतात. तेव्हा अंगणातल्या पोरीशी तुलना चुकीच्या पट्टीवर चालली आहे. व्यायाम घरी रोज करून घ्यायचे असतात आणि इथेच बहुतेक घरं ढेपाळतात. पहिलीच्या पोरांकडून ‘ग’ गिरवून घेताना जी चिकाटी लागते, ती तुमच्याकडे आयती आहे. रोज सकाळी वेळ ठरवून बसा. सूनबाईंना त्या वेळात आंघोळ करू द्या, पेपर वाचू द्या.

प्रश्न : माझा भाऊ सोळा वर्षांचा आहे, त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, व्हीलचेअरवर असतो. मी बी.कॉम. झाले आणि बंगळुरूला नोकरी मिळाली आहे. आई काही म्हणत नाही, पण सगळे नातेवाईक ‘तू इतकी समजूतदार आहेस म्हणून हे घर चाललंय’ म्हणतात. आत्या म्हणते, लग्नाआधी गुपचूप रक्त तपासून घे, कोणाला कळू देऊ नको. जाऊ का? तपासू का?
– पुणे

उत्तर : जा गं. त्यात विचारायचं काय आहे?

भावंडांवरच्या अभ्यासांत एकसुरी उत्तर मिळत नाही. काही भावंडं जास्त प्रेमळ, जबाबदार होतात, काही आतून धास्तावलेली राहतात, पुष्कळ जण दोन्ही असतात. घरात आजाराबद्दल त्यांच्याशी उघड बोललं जातं का, त्यांच्या वाट्याला आईबाप येतात का आणि त्यांना लहानपणीच दुसरी आई करून टाकलंय का, यावर पुष्कळ अवलंबून असतं. ‘समजूतदार’ हे नातेवाइकांनी तुला दिलेलं बिनपगारी पद आहे. त्याचा राजीनामा देता येतो.

पण एक हिशेब मांडून जा. डुशेनमध्ये स्नायू हळूहळू कमजोर होत जातात. या वयाच्या डुशेनच्या मुलांना रात्री स्वतः कूस बदलता येत नाही, दोन-तीनदा कोणाला तरी उठावं लागतं. तुमच्याकडे कोण उठतं? तूच उठत असशील, असं पत्रावरून वाटतंय. ते काम वडलांनी शिकायचं, किंवा आठवड्यातल्या काही रात्री पगारी माणूस ठेवायचा. तुझ्या पहिल्या पगारातून त्याला हातभार लाव हवं तर. तू घरी असतानाच वडलांना काही रात्री करू दे. मान कशी धरायची, टाचेखाली उशी कुठे ठेवायची, हे बघून येतं, सांगून नाही. आणि जाण्यापूर्वी भावाशी बस. सोळा वर्षांचा आहे तो. ताई चालली, हे त्याला दारातल्या बॅगेवरून कळू नये.

तपासणीचं. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. साधारण तीनातल्या दोन घरांत आई वाहक निघते, म्हणजे दोष तिच्याकडे असतो, पण तिला सहसा आजार होत नाही. तिसऱ्यात तो दोष मुलातच नव्याने आलेला असतो. आई वाहक असेल तर तुझी शक्यता निम्मी. क्रम असा : भावाच्या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट शोधा, त्यावरून आईची तपासणी, मग हवी तर तुझी. सज्ञान आहेस, कधी करायची ते तू ठरव, आणि जनुकीय समुपदेशकाशी बोलून कर.

गुपचूप मात्र नको. वाहक बायकांपैकी काहींच्या हृदयाचे स्नायू कमजोर होऊ शकतात, म्हणून त्यांनी ठरावीक काळाने इको करून घ्यायची असते. ते लग्न झालं तरी करायचं आणि नाही झालं तरी. आत्याला सांग की ही तपासणी माझ्या छातीसाठी आहे. जोडीदार मिळाला की त्याला सांग. ऐकून जो जाईल तो जाऊ दे. आणि आईला कार्डिओलॉजिस्टकडे तू बंगळुरूला जायच्या आधी घेऊन जा. वर्षानुवर्षं मुलाला उचलणाऱ्या बाईचा दम लागतो, तेव्हा घरात सगळे ‘दमली असेल’ म्हणून सोडून देतात.

थॅलेसेमियाची पत्रं पुढच्या अंकात घेते. पत्रात मुलाचं खरं नाव लिहू नका आणि मूळ रिपोर्ट तर मुळीच पाठवू नका; मागच्या महिन्यात एकाने पाठवला आणि तो परत पोचवताना माझा जीव टांगणीला लागला.